तेल कमी पडत गेलं तर गावाने आधीपासून काय तयारी ठेवावी?

तुमचा प्रश्न साधा आहे: डिझेल-पेट्रोल मिळेनासं होत गेलं तर गावाने आजपासून काय करावं? मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. मी सुरुवात बैलांपासून करीन, आणि त्याला कारण क्यूबा.

1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाचं स्वस्त तेल आटलं. दोन-तीन वर्षांत आयात निम्म्याखाली गेली. मोठमोठ्या सरकारी शेतांवर ट्रॅक्टर जागच्या जागी उभे राहिले. ना डिझेल, ना सुटे भाग, ना खत. शहरात बसगाड्या थांबल्या, म्हणून चीनहून दहा लाखांवर सायकली आणल्या. राजधानी हवानात मोकळ्या जागी भाजीचे वाफे उभे राहिले. त्यांचं कौतुक सगळे करतात. पण माणसं वाळली होती, हे कोणी सांगत नाही. 1992-93 मध्ये पन्नास हजारांहून जास्त लोकांना डोळ्यांचा आणि नसांचा आजार जडला, आणि अपुरा आहार हे त्याचं मोठं कारण होतं. तयारी संकट आल्यावर केली की अशी किंमत पडते.

तरी नांगर चालला. बैलांची संख्या काही वर्षांत दुपटीवर गेली, कारण गोऱ्हा औताला वळवता येणारी जुनी माणसं अजून हयात होती. ती शिकवू शकली.

आपल्याकडे? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांच्या वर बाहेरून येतं. माझ्या लहानपणी पोळ्याला तोरणाखाली चाळीस जोड्या उभ्या राहायच्या. गेल्या वर्षी तीन होत्या. लोक म्हणतात, बैल परवडत नाही. खरं आहे, पण का परवडत नाही ते बघा. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा विकत घेऊन कोण जोडी सांभाळणार? म्हणून पहिलं काम: प्रत्येक घराने एखादा एकर तरी ज्वारी पेरावी. घरात धान्य येतं, दावणीला वैरण येते, आणि शेण मिळालं की युरियाची गोणी कमी लागते. युरियासुद्धा वायूपासूनच बनतो, हे विसरू नका.

ट्रॅक्टर सोडा असं मी म्हणत नाही. खोल नांगरट मी आजही भाड्याच्या ट्रॅक्टरने करतो. पेरणी आणि कोळपणी मात्र जोडीवर ठेवली आहे. विहिरीवर डिझेल इंजिन असेल तर सौर पंपासाठी अर्ज करून टाका, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

मला खरी काळजी हातांची आहे. आमच्या आसपास तिफण, म्हणजे बैलाने ओढायचं पेरणीचं लाकडी अवजार, करणारे एकच सुतारकाका उरलेत, सत्तरी ओलांडलेले. या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडून दोन तिफणी करून घेतल्या. तिसरी त्यांनी शेजारी बसून माझ्या पुतण्याच्या हातून करवून घेतली. तिचा एक फण जरा तिरका बसलाय, पण मृगाला तीच जुंपणार आहे.