लिम्फोमावरील संशोधन आणि पुन्हा ‘नीट’चा आग्रह

ऐरोलीच्या एका पालकांनी लिहिले आहे की, त्यांची मुलगी ठाण्यात बीएस्सीच्या द्वितीय वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आणि विषाणूसंसर्गामुळे लिम्फोमाच्या (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कर्करोगाच्या) पेशी कशा वाढतात, यावर तिला संशोधन करायचे आहे. कर्करोग हे डॉक्टरांचे क्षेत्र असल्याने तिने पदवी सोडून पुन्हा ‘नीट’ द्यावी, असे घरच्यांचे मत आहे.

सप्रेम नमस्कार. तिला रुग्णांवर उपचार करायचे असते, तर आपला आग्रह मला पटला असता. तिचा प्रश्न मात्र पेशीविषयीचा आहे आणि त्यासाठी सध्याचा अभ्यासक्रमच योग्य आहे. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना बर्किट लिम्फोमा या लिम्फोमाच्या एका प्रकारातील पेशींत जो विषाणू (एपस्टाइन-बार विषाणू) आढळला, तो बहुतेक प्रौढांच्या शरीरात (बहुधा आपल्या आणि माझ्याही) आयुष्यभर निमूटपणे राहतो. प्रयोगशाळेत मात्र रक्तातील बी-पेशींना (प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) त्याचा संसर्ग घडवला की काही आठवड्यांत फ्लास्कमध्ये पेशींचे पुंजके दिसू लागतात, पेशी ज्यात वाढवतात ते गुलाबी पोषकद्रव्य, म्हणजे माध्यम, पिवळे पडते आणि एरवी थोड्या दिवसांत मरणाऱ्या पेशी विभाजित होतच राहतात. कारण विषाणूचे एलएमपी-१ हे प्रथिन, बाहेरून कोणताही संकेत आलेला नसताना, वाढीचा संकेत पेशीत सतत चालू ठेवते. गंमत अशी की, बर्किट लिम्फोमात हे प्रथिन सहसा नसतेच. तिथे मिक हे जनुक जागा बदलून प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी गेलेले असते आणि वाढीचा मुख्य जोर त्याचा असतो. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत टी-पेशींचा (संसर्ग झालेल्या पेशी नष्ट करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) पहारा ढिला पडून याच विषाणूमुळे लिम्फोमा होऊ शकतो, आणि औषधे कमी केल्यावर काहींमध्ये तो ओसरतोही. त्यामुळे केवळ विषाणूशास्त्र तिला पुरणार नाही. पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र तितकेच पक्के हवे.

पदवीनंतर एमएस्सीसाठी आयआयटी-जॅमचा जैवतंत्रज्ञानाचा पेपर आणि गॅट-बी या प्रवेशपरीक्षा, पुढे संशोधनाच्या पाठ्यवृत्तीसाठी (जेआरएफ) नेट परीक्षा, मग पीएच.डी., असा हा क्रम आहे. टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था ऐरोलीहून पनवेल लोकलने गाठता येते, आणि पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. जेआरएफची पाठ्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, तरीही पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज लागतात आणि स्थिर नोकरी त्यानंतरच मिळते, हे घरात आत्ताच बोलून घ्यावे.

तूर्त येत्या उन्हाळी सुटीत तिला एखाद्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे (शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे) काम महिनाभर करू द्यावे. पेशींचे माध्यम रविवारीही बदलावे लागते. हे काम तिला रुचते की त्याचा कंटाळा येतो, ते पाहूनच ‘नीट’चा विषय पुन्हा काढायचा की नाही हे ठरवावे.