वाचकांचे प्रश्न : मामा निवृत्त होण्याआधी

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथवरच्या कामाचं) युनिट आहे, साठेक माणसं. मुख्य सेटर (मशिन नव्या कामासाठी लावून देणारे), ज्यांना सगळे मामा म्हणतात, आठ महिन्यांनी निवृत्त होतायत. त्यांना माहिती लिहून द्यायला सांगितली, तर गाडी तीन पानांपुढे सरकली नाही. व्हिडिओ काढले, ते कोणी बघत नाही. काय करावं?

उत्तर : मामांना लिहायला लावू नका. हात बसलेल्या माणसाला आपण काय काय करतो यातलं बरंचसं स्वतःला जाणवतच नाही. लिहायचं काम शिकणाऱ्याचं.

मामा रजेवर असले की कुठली सेटिंग अडतात, तेवढीच निवडा. प्रत्येकाला एक पान, तीन रकाने : टप्पा, त्यातली खुबी, कारण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखान्यांत नवखी माणसं झटपट तयार करायला अशीच पद्धत वापरत, फक्त तेव्हा टप्पा आणि खुबी हे दोनच रकाने होते; कारणाचा नंतर आला. युद्धानंतर ती जपानात गेली, टोयोटानेही उचलली. आपल्याकडे कारणाचा रकाना रिकामा सोडतात आणि तिथेच घोळ होतो.

पातळ भिंतीचा बुश (नळीसारखा पोकळ भाग) घ्या. मामा म्हणणार, ‘प्रेशर जरा कमी ठेव.’ जरा म्हणजे किती? चकच्या, म्हणजे तुकडा घट्ट धरणाऱ्या पकडीच्या, गेजवरचा आकडा शिकणाऱ्याने जागेवरच टिपायचा. कारण असं : दाब जास्त झाला की चकच्या तीन जॉमध्ये (जबड्यांमध्ये) जॉब, म्हणजे तो तुकडा, दबतो, तशा अवस्थेत बोअर (आतलं भोक) गोल निघतो आणि चक सोडल्यावर जॉब उसळून बोअर तीनकोनी होतो. दोन टोकांच्या बोअर गेजला हे कळत नाही, कारण व्यास सगळीकडे जवळपास तेवढाच भरतो. तीन टोकांचा मायक्रोमीटर लागतो. हे ठाऊक नसलेला पोरगा सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) वाचवायला कट वाढवतो, जॉब सरकतो म्हणून प्रेशर वाढवतो, बोअर गेज ओके दाखवतं आणि लॉट ग्राहकाकडून परत येतो.

पान झालं की तिसऱ्याच माणसाने फक्त ते वाचून सेटिंग करायचं. मामांनी शेजारी गप्प उभं राहायचं. त्यांचा हात जिथे आपसूक पुढे येईल, तिथे पानात काहीतरी राहिलंय.

आठवड्याचे दोन तास टार्गेटमधून रीतसर वजा करा. नाहीतर महिनाअखेरच्या डिस्पॅचमध्ये हे पहिलं बारगळेल. पानावर मामांचं नाव घाला. झेरॉक्सने १९९०च्या दशकात तंत्रज्ञांच्या युक्त्या जमवल्या, त्या जाणकार सहकाऱ्यांकडून तपासून घेतल्या आणि सांगणाऱ्याच्या नावानिशी सगळ्यांना दिल्या. पानामागे पैसे मात्र लावू नका, नुसती पानंच वाढतील. आणि ‘सगळं सांगितल्यावर मला कोण विचारणार’ ही धास्ती खरी असते. निवृत्तीनंतर महिन्यातून दोन दिवस मानधनावर बोलावणार असाल, तर ते आत्ताच लेखी द्या.

प्रश्न : चाकणच्या आमच्या मेंटेनन्स ग्रुपवर व्हॉट्सअ‍ॅपला रोज फोटो पडतात, पण जुना उपाय शोधला तर सापडत नाही.

उत्तर : ग्रुप विचारायला चांगला, साठवायला नाही. दर शनिवारी एकाने, आळीपाळीने, सुटलेले प्रश्न शीटमध्ये उतरवावेत : मशिन नंबर, अलार्म नंबर, लक्षण, खरं कारण, उपाय. लक्षण ऑपरेटर बोलतो त्याच शब्दांत हवं. ‘टरेट (हत्यारं फिरवून पुढे आणणारा भाग) अडकला’ असं तो शोधणार. ‘इंडेक्सिंग फॉल्ट’ लिहून ठेवलंत तर त्याला सापडणार नाही. शीटचा क्यूआर कोड पॅनेलच्या दारावर चिकटवा, कूलंट उडणार नाही अशा बाजूला.