लिहित्यांचे प्रश्न : पहिला खर्डा हातावेगळा झाल्यावर

प्रश्न : आमच्या लेखनगटात सात जण आहोत. एका सदस्येच्या कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाला, सुमारे ६२,००० शब्द. येत्या रविवारी तिच्या घरी जमायचं ठरलंय. वाचन ठेवावं का, किती, आणि अभिप्राय कधी द्यायचे? – एक वाचक, सांगली

उत्तर : वाचन जरूर ठेवा, पण दहा मिनिटांचंच. मराठी गद्य सावकाश, श्वास घेत वाचलं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात, म्हणजे हजार शब्दांचा एक उतारा पुरे. सुरुवातीची पानं दुसऱ्या खर्ड्यात सर्वांत जास्त बदलतात आणि शेवट वाचला तर पुढे पूर्ण कादंबरी वाचणाऱ्यांची उत्सुकताच जाते. म्हणून उतारा मधला घ्या. दोन-तीनच पात्रं असलेला, संवादाचा प्रसंग ऐकणाऱ्यांना धरून ठेवतो. आधी प्रस्तावना दोन वाक्यांची. लेखिकेनं आदल्या दिवशी घड्याळ लावून एकदा मोठ्यानं वाचून पाहावं आणि उताऱ्याची दुसरी प्रत शेजारी बसणाऱ्याकडे द्यावी. आवाज भरून आला तर त्यानं पुढे वाचावं.

अभिप्राय मात्र त्या दिवशी नकोतच. अशा बैठका बिघडतात त्या इथंच. कुणी तरी म्हणतं, ‘छान झालंय, फक्त...’ आणि एकाचं ‘फक्त’ आलं की उरलेल्यांचीही येतात. पेढे वाटायला बसलेली बाई दुरुस्त्यांची यादी घेऊन उठते. त्यातून हाती काही लागतही नाही, कारण तिनं स्वतः अजून सगळं सलग वाचलेलं नसतं. त्याऐवजी प्रत्येकानं उताऱ्यातलं लक्षात राहिलेलं एक वाक्य किंवा चित्र सांगावं. मग तिला लिहिण्याबद्दल विचारा : कुठं अडलीस, किती दिवस, त्यातून कशी सुटलीस? या उत्तरांचा गटातल्या इतरांना फार उपयोग होतो, त्यामुळे याला अर्धा तास राखून ठेवा.

अभिप्रायाची तारीख त्याच दिवशी ठरवून टाका, सहा आठवड्यांनंतरची. तोवर लेखिकेनं खर्डा उघडू नये. आणि कृपा करून सहाही जणांना हस्तलिखित देऊ नका. कोऱ्या डोळ्यांनी कुणालाही कादंबरी एकदाच वाचता येते. या खर्ड्याला दोन वाचक पुरेत; बाकीचे चार दुसऱ्या खर्ड्यासाठी राखावेत.

भेट द्यायची असेल तर गटानं पैसे काढून एक छापील प्रत करून द्यावी. अडीच वर्षांचं काम हातात जड लागणं यासारखं सुख नाही. ए-फोर कागद, १४ पॉइंट अक्षर, ओळींत दीडपट अंतर, डावीकडे दीड इंच समास. पानाला २८० शब्द धरले तर सुमारे २२० पानं होतील. छपाई एकाच बाजूला करा, मागची कोरी बाजू दुरुस्त्यांना लागते. स्पायरल बाइंडिंगचे दोन भाग केले की पानं उलटताना अडकत नाहीत. शेवटच्या पानावर तारीख घालून सगळ्यांनी सह्या कराव्यात.

प्रश्न : छपाईच्या दुकानात फाइल नेली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. खर्डा गेला का? – वाचक, जालना

उत्तर : गेलेला नाही. तुम्ही युनिकोडपूर्वीच्या (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) फाँटमध्ये टंकलं आहे आणि तो फाँट दुकानातल्या संगणकावर नाही. तुमच्याच संगणकावर पीडीएफ करून न्या. पुढच्या खर्ड्याआधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि नंतर रफार, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनी तपासा, चुका तिथंच राहतात. पहिल्या खर्ड्याची फाइल तारखेच्या नावानं जशीच्या तशी ठेवा, दुरुस्त्या नव्या प्रतीत. एक प्रत दुसऱ्याच्या घरी पेन ड्राइव्हवर असू द्या.

प्रश्न : अशा बैठकीला खायला काय ठेवावं? – वाचक, नाशिक

उत्तर : भेळ चालेल, पण वाचन संपल्यावरच कालवा. चटणी पडली की पाच-सात मिनिटांत चुरमुरे मऊ पडतात. आठ जणांना ३०० ग्रॅम चुरमुरे, दीडशे ग्रॅम शेव, दोन मोठे कांदे, तीन उकडलेले बटाटे आणि वाटीभर चिंचगुळाची चटणी लागते. तयारी नको असेल तर भडंग आदल्या दिवशी करून डब्यात भरता येतं. फक्त तेलकट हात छापील प्रतीपासून दूर ठेवा.

प्रश्न : नोव्हेंबरात महिनाभरात ५०,००० शब्द लिहायचं आम्ही चौघींनी ठरवलं. तिघींचं झालं, एकीचे ३१,०००च झाले. आनंद साजरा करताना तिला बोलवावं का? – वाचक, पुणे

उत्तर : बोलवाच. महिनाभरात ५०,००० शब्द लिहिण्याचा ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ (नॅनोरायमो) हा उपक्रम १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिस बेटी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी सुरू केला, तेव्हा ते २१ जण होते. पहिला महिना जुलैचा होता. नोव्हेंबर पुढच्या वर्षी आला. चालवणाऱ्या संस्थेनं २०२५ मध्ये काम थांबवल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता महिना आणि आकडा दोन्ही आपल्या सोयीनं ठरवायला हरकत नाही. आपला नोव्हेंबर दिवाळीत आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत जातो.

५०,००० हा आकडाही इंग्रजीचा आहे. इंग्रजीत ‘घरात’ म्हणायला तीन शब्द लागतात, आपण प्रत्यय जोडून एकात भागवतो. त्यामुळे तेवढ्याच मजकुराला मराठीत कमी शब्द पुरतात. ४०,००० चं लक्ष्य, म्हणजे रोज सुमारे १,३३५ शब्द, हे आम्हाला रास्त वाटतं. त्या हिशेबानं तुमच्या मैत्रिणीचे चारपैकी तीन भाग लिहून झाले आहेत, एक उरला आहे. चौघींनी प्रत्येकी पाचशे शब्द वाचा, तिनंही. तिच्या शेवटच्या भागासाठी जानेवारीतले रविवार ठरवा आणि त्या दिवशी तिघींनी आपापलं काम घेऊन तिच्यासोबत बसा.