८० चं किट आणि १२० चा हप्ता

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, नोकरदार. घरात पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. कमावणारा मी एकटाच. वर्षभरापासून एक-दशांश मापाच्या रिमोट गाड्यांच्या शर्यती बघायला जातोय, आता स्वतः उतरायचं आहे. मनात भरलेलं टूरिंग कारचं किट ८० ला आहे आणि माझ्याकडे १०० आहेत. उरलेल्या २० मध्ये बाकीचं सामान बसेल का? कमी पडले तर दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या पॉलिसीवर कर्ज काढ, असं एजंट म्हणतो. तो माझा मावसभाऊच आहे. गेल्या वर्षी हौसेने एक रेडी टू रन, म्हणजे जोडून तयार मिळणारा, ट्रक क्रेडिट कार्डावर घेतला होता, पण तो शर्यतीच्या कुठल्याच वर्गात चालत नाही. त्याचे ६० अजून बाकी आहेत, पण किमान रक्कम दर महिन्याला न चुकता भरतो, त्यामुळे काळजी नाही. दोन-तीन वर्षांत जम बसला की स्पॉन्सर मिळेल आणि खर्च निघेल, असा अंदाज आहे.
ता. क. पॉलिसीचा फॉर्म मावसभावानेच भरला. मी सिगारेट ओढतो, पण हप्ता वाढू नये म्हणून त्याने तिथे ‘नाही’ लिहिलं. त्याने काही फरक पडतो का?

(पत्रातले खरे आकडे मी बदलले आहेत. पत्रलेखकाची रोख शिल्लक १०० धरली आणि बाकी सगळं त्याच मापात बसवलं. वार्षिक उत्पन्न ८००, घरखर्च ६००. पॉलिसीचा वार्षिक हप्ता १२०, विम्याची रक्कम १२००. हप्ते १५ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ३६०० मिळणार. दोन हप्ते भरून झालेत, तिसरा दोन महिन्यांनी आहे. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर ७० मिळतील.)

उत्तर : विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देऊन टाकते. नाही बसणार.

शर्यतीच्या किटच्या खोक्यात चासी, सस्पेन्शन, डिफरन्शियल, शॉक असं सगळं सुटं असतं. मोटर नसते. मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोल, चाकं वळवणारी सर्वो, ट्रान्समीटर, रिसीव्हर, बॅटरी, चार्जर, यातलं काहीच नसतं. टूरिंग कारच्या बहुतेक किटांत टायर आणि बॉडीही नसते. बॉडी वेगळी घ्यायची, ती येते पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, आणि तिला रंग आपणच आतून मारायचा. शिवाय दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरचे बरे हेक्स ड्रायव्हर लागतात. स्वस्तातल्या ड्रायव्हरने स्क्रूची डोकी गुळगुळीत होतात आणि मग तो स्क्रू काढण्यात रविवार जातो. ढोबळ हिशेबाने किट म्हणजे एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा. तुमचं ८० चं किट म्हणजे २४० ची गाडी, तीही पहिल्यांदा कठड्याला धडकण्याआधीची. त्यानंतर पुढचे सस्पेन्शन आर्म आणि स्टिअरिंग ब्लॉक यांचा खर्च सुरू होतो.

म्हणजे आणखी १४० हवेत. पॉलिसीवरचं कर्ज सरेंडरच्या रकमेच्या आतच मिळतं. तुमच्या बाबतीत ७० च्या आत. मावसभावाचा तोडगा त्याच्याच आकड्यांत बसत नाही. कर्ज घेतलंत की पॉलिसी सोडणं तुम्हाला जड जाईल आणि त्याचं दरवर्षीचं कमिशन चालू राहील, एवढं मात्र नक्की साधेल.

आता ता. क. कडे वळते, कारण पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तिथे आहे.

फरक पडतो. विम्याचा प्रस्ताव हा करार असतो आणि त्याखाली सही तुमची आहे, फॉर्म कुणीही भरलेला असो. उद्या दावा आला, कंपनीने दवाखान्याचे कागद मागवले आणि त्यात सिगारेटची नोंद सापडली, तर दावा नाकारायला किंवा त्यात काटछाट करायला तिच्या हाती कारण येतं. त्या दिवशी खुलासा करायला तुम्ही नसाल. मावसभावाचं कमिशन केव्हाच जमा झालेलं असेल. कंपनीच्या टेबलासमोर तुमची पत्नी बसलेली असेल आणि ज्या फॉर्मबद्दल तिला काहीच माहीत नाही त्याबद्दल तिला प्रश्न विचारले जात असतील. थोडा हप्ता वाचवण्यासाठी सगळा विमाच संशयात टाकणाऱ्या माणसाला सल्लागार म्हणायची माझी तयारी नाही, मग तो कितीही जवळचा असो.

समजा कंपनी उदार झाली आणि तिने पूर्ण १२०० दिले. तुमचा घरखर्च वर्षाला ६०० आहे. म्हणजे दोन वर्षं. मुलगी आज चार वर्षांची आहे, ती सहा वर्षांची होईपर्यंत हे पैसे पुरतील. ‘घराचं संरक्षण’ म्हणून विकलेल्या वस्तूची ही व्याप्ती आहे, आणि त्यासाठी तुम्ही दरवर्षी तुमच्या सगळ्या रोख शिल्लकीपेक्षा मोठा हप्ता भरताय. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंतचा खर्च धरला तर निदान १५ वर्षांचा हवा, म्हणजे ९०००. आज आहे त्याच्या साडेसातपट.

‘पण पैसे दुप्पट होतात ना’ हे वाक्य तुम्ही लिहिलेलं नाही, तरी मला ते ऐकू येतंय. १५ हप्ते गुणिले १२० म्हणजे १८००, मिळणार ३६००. दुप्पट खरंच आहे. पण किती काळात? पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ६. सरासरी १३ वर्षं. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजाचा ढोबळ दर मिळतो. ७२ ला १३ ने भागा, साडेपाच येतात. नेमका हिशेब मांडला तर त्याहूनही थोडं कमी, सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. मावसभावाने तक्त्यात ‘दुप्पट’ ठळक अक्षरात दाखवलं असेल, टक्केवारी दाखवली नसेल.

इथे एका गोष्टीत पॉलिसीला न्याय दिला पाहिजे. भरलेल्या २४० पैकी १७० गेलेच आहेत. पॉलिसी ठेवा किंवा मोडा, ते परत येत नाहीत. म्हणून तुलना आजपासून पुढची करायची. आज हाती येऊ शकणारे ७० सोडले आणि उरलेले १३ हप्ते भरले, तर विसाव्या वर्षीच्या ३६०० वर सुमारे साडेसहा टक्के पडतात. अगदीच वाईट नाही. दुसरीकडे कर्ज नसतं, पुरेसा विमा असता आणि हाताशी सहा महिन्यांचा खर्च असता, तर ‘ठेवा आता’ असंही मी कदाचित म्हटलं असतं. तुमच्याकडे यातलं एकही नाही. आणि फॉर्ममधलं ते ‘नाही’ तसंच आहे.

आता कार्ड. ‘काळजी नाही’ हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. थकबाकीवर महिन्याला तीन टक्के लागतात, असं तुमच्याच विवरणपत्रावर छापलंय. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला बेचाळीसच्या वर. किमान रक्कम भरली की दंड टळतो, कर्ज जवळजवळ तिथेच राहतं. ६० वर वर्षाला वीस-बावीस नुसतं व्याज जातंय, आणि शेजारच्या खात्यात १०० निवांत पडलेत. त्यातून आजच ६० भरून टाका. हा लेख पुढे वाचण्याआधी भरलेत तरी चालेल.

पुढचा क्रम नीट पाळा, कारण तो उलटा झाला तर घर मधल्या मधे उघडं पडेल. ९००० चा शुद्ध मुदत विमा घ्या. परतावा नसलेला, मुदतीनंतर काहीही न देणारा. फॉर्म स्वतः भरा. सिगारेट लिहा, दिवसाला किती तेही लिहा. वैद्यकीय तपासणी सांगितली तर आनंदाने जा, कारण आज झालेली तपासणी उद्याचा वाद कमी करते. सिगारेटमुळे हप्ता चढा लागेल. वर्षाला ३० धरा. आता भरताय त्याच्या चौथा हिस्सा, आणि विमा साडेसातपट. नवी पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी सरेंडर करा, त्याआधी नाही. तोवर जुन्या कंपनीला लेखी कळवून ती नोंद दुरुस्त करून घ्या. हप्त्याच्या तारखेपर्यंत नवं काम झालं नाही तर तारखेनंतर सवलतीचे काही दिवस असतात, ते किती हे पॉलिसीच्या कागदावर बघा. जेवढा हा कागद वाचाल तेवढा तो आवडेनासा होईल.

कार्ड फिटल्यावर हाताशी ४० राहिले, सरेंडरचे ७० आले, म्हणजे ११०. महिन्याचा घरखर्च ५०, तेव्हा हे जेमतेम दोन महिन्यांचं अन्न आहे. यातले १०० हलवायचे नाहीत. पुढे उत्पन्न ८०० वजा खर्च ६०० वजा विमा ३० म्हणजे वर्षाला १७० उरतात. त्यातले ११० बाजूला गेले तर पावणेदोन-दोन वर्षांत सहा महिन्यांची सोय होते. उरलेले ६० तुमचे. गाडीला.

होय, ६० गाडीला, आणि अपराधी वाटून न घेता. तुमच्या पत्रातला सर्वात प्रामाणिक खर्च गाडीचाच आहे. तो खर्च आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. फक्त त्याला गुंतवणूक म्हणणं थांबवा. शर्यतीच्या किटची सुधारित आवृत्ती बाजारात आली की जुन्याचा भाव उतरतो. आणि स्पॉन्सर म्हणजे बहुतेक चालकांच्या बाबतीत सुट्या भागांवर सवलत. सवलत मिळवायलाही आधी खरेदी करावी लागते. पगारी चालक असतात, पण ते लहानपणापासून शर्यतीत वाढलेले आणि जागतिक स्पर्धांच्या अंतिम फेरीत दिसणारे मूठभर लोक. चौतिसाव्या वर्षी पहिली गाडी घेताना तो आकडा वहीत जमेच्या बाजूला लिहू नका.

वर्षाला ६० मध्ये २४० ची गाडी येत नाही, आणि पहिल्या वर्षी ती यायलाही नको. तुम्हाला कुणीतरी ‘स्टॉक’ वर्ग स्वस्त म्हणून सांगितला असेल. तिथे मोटर १७.५ किंवा २१.५ टर्नची (टर्न म्हणजे तारेचे वेढे, वेढे जास्त तेवढा वेग कमी), स्पीड कंट्रोलचं टायमिंग शून्यावर, म्हणजे त्यातून जादा वेग काढता येत नाही, सगळ्यांना ताकद सारखी. ऐकायला छान. पण ताकद बांधली गेली की लोक दशांश सेकंद दुसरीकडे शोधतात. नवी मोटर, कमी अंतर्गत रोधाची बॅटरी, हलके बेअरिंग, टायरचा ताजा संच. नियमांनी झाकलेलं पैशांचं भोक दुसऱ्या जागी उघडतं.

त्यापेक्षा तुमच्या ट्रॅकवर एकाच मॉडेलचा वर्ग चालतो का ते विचारा. टामियाची २०१३ मध्ये आलेली टीटी-०२ अनेक क्लबांत त्यासाठी वापरतात. प्लॅस्टिकची टबसारखी चासी, शाफ्टवर चालणारी चारही चाकं, किटमध्येच ब्रशची मोटर आणि अनेक आवृत्त्यांत स्पीड कंट्रोलही. मोटर, पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक), टायर नियमाने ठरलेले असले की पैसे ओतायला जागा कमी उरते आणि चालवायला शिकावं लागतं. सगळा संच साधारण तुमच्या २४० च्या चौथ्या हिश्शात, म्हणजे ६० मध्ये उभा राहतो.

ते ६० असे येतील. ट्रक विका, मिळतील ते घ्या. २० धरू. ११० मधले वरचे १०. आणि महिन्याला ५ प्रमाणे सहा महिन्यांचे ३०. सहा महिन्यांनी गाडी, आणि वर्षाच्या उरलेल्या ३० मध्ये प्रवेश शुल्क, टायर, मोडतोड. तोवर दर शर्यतीला जा आणि ट्रॅकवर मार्शल म्हणून उभे राहा. उलटलेल्या गाड्या सरळ करताना कुठल्या गाडीचं काय मोडतं हे फुकट कळतं, आणि कुणाकडे कुठले सुटे भाग मिळतील हेही.

त्या ६० मध्ये दोन गोष्टींवर हात आखडू नका. ट्रान्समीटर आणि चार्जर. गाड्या बदलल्या तरी या दोन राहतात, आणि लिपोच्या, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीच्या, बाबतीत सेल समान राखणारा चार्जर नसेल तर प्रश्न पैशांचा राहत नाही, आगीचा होतो. ट्रकच्या बॅटऱ्या तीन सेलच्या असतील तर त्या ट्रकसोबतच जाऊ द्या, एक-दशांश टूरिंगच्या वर्गांत दोनच सेल चालतात. नवी घ्याल ती कडक आवरणाची घ्या, आणि आठवडाभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. पूर्ण भरून ठेवलेली लिपो फुगते.

टीटी-०२ ला पहिला बदल करायचाच तर प्लॅस्टिकच्या बुशिंगच्या (आस ज्यात फिरतो त्या साध्या कड्यांच्या) जागी बेअरिंग टाका. टामियाच्या ॲल्युमिनियमच्या निळ्या जादा भागांचं पान उघडू नका. लॅप मोजणारा ट्रान्सपॉन्डर काही क्लब शर्यतीपुरता उसना देतात, तेव्हा पहिल्या दिवशी विचारून बघा. आणि टायर घेण्याआधी त्या वर्गाचे छापील नियम मागून घ्या. त्यात ज्याचं नाव आहे तोच टायर, एकच संच.