रागू तसाच ठेवा, खालचा पास्ता बदला

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा मुलगा इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात शिकतो. मागच्या वर्षी आम्ही दोघं त्याच्याकडे राहून आलो. तिथला रागू, म्हणजे तो खिम्याचा सॉस, यजमानांना इतका आवडला की अजून नाव काढतात. परत आल्यावर त्यांना डायबेटिस निघाला आणि डॉक्टरांनी कर्बोदकं कमी करायला सांगितली. हलका आणि कमी कार्बचा रागू घरी कसा करायचा? नेटवरच्या कृतींमध्ये टोमॅटो, गाजर वगळलंय आणि क्रीम, चीज मात्र भरपूर घातलंय. हे बरोबर आहे का? आम्ही मटण आणि चिकन खातो, बीफ नाही.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत आणि त्या नेटवरच्या कृतीने एकत्र करून टाकल्या आहेत. क्रीम आणि चीज ओतलं की कार्ब फारसे वाढत नाहीत हे खरं, पण तो सॉस हलका राहत नाही. शिवाय टोमॅटो आणि गाजर काढून जी कर्बोदकं वाचतात ती फारच थोडी असतात. मी बोलोन्यात संसार केला, रागू इथल्या शेजारणींच्या शेगडीपाशी उभी राहून शिकले, म्हणून ठामपणे सांगते : रागूत कर्बोदकं मुळातच कमी आहेत. ती असतात खालच्या पास्त्यात.

आकडेच बघा. इटालियन पाककला अकादमीने बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रागूची कृती १७ ऑक्टोबर १९८२ रोजी रीतसर नोंदवली आणि २० एप्रिल २०२३ रोजी ती सुधारून पुन्हा नोंदवली. नव्या कृतीत ४०० ग्रॅम जाडसर बीफ खिमा, १५० ग्रॅम ताजी पॅन्चेत्ता (म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस), कांदा, गाजर आणि सेलरी प्रत्येकी साधारण ६० ग्रॅम, एक ग्लास वाईन, २०० ग्रॅम गाळलेला टोमॅटो, चमचाभर टोमॅटोचा घट्ट अर्क, हवं तर अर्धा ग्लास दूध, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, आणि लागेल तसं मांसाचं पाणी, एवढंच आहे. यातली सगळी कर्बोदकं मिळून अख्ख्या पातेल्यात ३० ते ३५ ग्रॅमच्या आसपास होतात. सहा जणांत वाटली तर ताटाला पाच-सहा ग्रॅम. आणि ८० ग्रॅम कोरडा पास्ता एकट्याने ५५ ते ६० ग्रॅम घेऊन येतो. आता सांगा, साठ ग्रॅम गाजर काढून काय साधणार? गाजर-कांद्याचा गोडवा गेला की टोमॅटोचा आंबटपणा बोचतो, मग माणूस साखर घालायला जातो.

आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. याच नोंदीत काय चालणार नाही तेही लिहिलंय : लसूण नाही, रोझमेरी-पार्सली नाही, आणि दाटपणासाठी पीठ तर नाहीच. पेल्लेग्रिनो आर्तुझी या इटालियन पाककला-लेखकाच्या १८९१ च्या पुस्तकात बोलोन्याच्या मॅकरोनीची, म्हणजे अशाच मांसाच्या सॉसमधल्या पास्त्याची, कृती आहे. तिच्यात टोमॅटो अजिबात नाही, पण चिमूटभर पीठ आहे. म्हणजे टोमॅटोशिवायचा रागू परंपरेत बसतो, तुम्हाला चवीसाठी करून बघायचा तर जरूर करा. साखरेच्या भीतीने मात्र टोमॅटो सोडू नका.

खरी भीती बाटल्यांची आहे. केचपमध्ये शंभर ग्रॅमला वीस-पंचवीस ग्रॅम साखर असू शकते. तयार पास्ता सॉसच्या बऱ्याच बरण्यांतही साखर आणि स्टार्च घातलेलं असतं, लेबल उलटून वाचा. वाईन वापरणार असाल तर नाशिककडची कुठलीही साधी कोरडी रेड चालेल, पण आपल्याकडे स्वस्तात मिळणारी पोर्ट घेऊ नका, ती गोड असते. वाईन नकोच असेल तर मांसाच्या पाण्यात चहाचा एक चमचा व्हिनेगर घाला.

आता हलकेपणाचं. रागू जड होतो तो चरबीने, आणि ती बरीचशी पॅन्चेत्तामधून येते. मी घरी रोजच्यासाठी १५० ऐवजी ५० ग्रॅमच घेते. तुम्ही मटणाचा करणार आहात, तेव्हा तो प्रश्नच नाही. उरलेल्या चरबीचा सोपा उपाय म्हणजे रागू आदल्या दिवशी करायचा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी वर थर धरलेला असतो, तो चमच्याने काढून घ्या. जेवणाचा मोठा चमचाभर थर काढला तर शंभराहून जास्त कॅलरी गेल्या. सगळा मात्र काढू नका, थोडा राहू द्या, वास त्यातच आहे. आणि रागू दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, तेव्हा यात तुमचा फायदाच आहे.

मटणाला इटलीत आधार आहे का, ही शंका तुमच्या मनात असेल. आहे. आब्रुत्सो प्रांतात कोकराच्या मांसाचा रागू पिढ्यान्‌पिढ्या होतो. फक्त त्याला बोलोन्याचा म्हणू नका, मटण रागू म्हणा आणि निर्धास्तपणे करा.

खाटकाला मांडीचं मांस सांगा. चरबी आणि पडदे काढून खिमा जाडा काढायला लावा, यंत्रातून दोनदा काढू देऊ नका. बारीक खिम्याचा लगदा होतो. ४०० ग्रॅम खिम्याला एक छोटा कांदा, एक छोटं गाजर आणि सेलरीची एक दांडी अगदी बारीक चिरा. सेलरी मिळाली नाही तर कोबीच्या आतला पांढरा दांडा चालतो, चव वेगळी येते पण वाईट नाही. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, त्यात या भाज्या मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. लाल करायच्या नाहीत, मऊ करायच्या. मग आच मोठी करून खिमा घाला. इथे घाई करू नका. खिमा आधी पाणी सोडतो आणि त्या पाण्यात शिजायला लागतो. ते सगळं आटून तळाशी चर्रर्र आवाज येईपर्यंत हलवत राहा. इथल्या बायका याच आवाजाची वाट बघतात. तो आल्यावरच वाईन घाला आणि तिचा वास उडू द्या. मग टोमॅटोचा अर्क आणि २०० ग्रॅम टोमॅटोचा गाळलेला गर. मटणाला पॅन्चेत्तासारखी खोली यावी म्हणून मी यात कोंबडीच्या दोन कलेज्या अगदी बारीक चिरून घालते, खिमा परतत आला की. कलेजी घालून रागू समृद्ध करणं त्या नोंदलेल्या कृतीलाही मान्य आहे.

पुढे हाडांचं गरम पाणी एकेक कप घालत, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर दोन तास. अर्ध्या वाटेत अर्धा ग्लास दूध. दुधाची कर्बोदकं अख्ख्या पातेल्याला पाच ग्रॅमच, आणि टोमॅटोचा आंबटपणा त्याने निवतो, म्हणून ते वगळू नका. मीठ-मिरपूड शेवटी.

कुकरचा विचार तुमच्या मनात आलाच असेल, दोन तास गॅस म्हटल्यावर येणारच. पण कुकरमध्ये वाफ कोंडलेली राहते, पाणी जात नाही. रागू पिठाशिवाय दाट होतो तो पाणी हळूहळू गेल्यामुळेच. कुकरमधला रागू पातळ राहतो आणि मग कॉर्नफ्लोअर आठवतं, म्हणजे जे टाळायचं तेच परत आलं. तयार रागू गडद नारिंगी दिसायला हवा, लालभडक नाही. चमचा फिरवला की मांसाला चिकटून यायला हवा, तळाला वेगळं पाणी दिसता कामा नये.

आणि लसूण, ओरेगॅनो, चिली फ्लेक्स यांची पाकिटं डब्यात राहू द्या. यजमानांना बोलोन्याची चव हवी आहे ना? चवीला हवं तर किंचित जायफळ किसा, त्याला परवानगी आहे.

आता खाली काय घ्यायचं. मल्टीग्रेन किंवा अख्ख्या गव्हाचा पास्ता घेऊन समाधान मानू नका. त्यात तंतू जास्त असतात, पण कर्बोदकं जवळपास तेवढीच. माझा कौल अंड्याला. ताल्यातेल्ले या पट्ट्यांच्या पास्त्यात तरी काय असतं? शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं. आपण पीठ काढून अंडं ठेवायचं. रोममध्ये पातळ ऑम्लेटच्या पट्ट्या कापून टोमॅटोच्या सॉसमध्ये घालण्याची जुनी घरगुती पद्धत आहे, वर पेकोरिनो चीज आणि पुदिना. ती मी रागूसाठी वापरते. माणशी दोन अंडी, चिमूटभर मीठ, चमचाभर किसलेलं पार्मिज्यानो (पार्मेझान) चीज. नॉनस्टिक तव्यावर घावनाइतकं पातळ पसरा, एका बाजूने शिजलं की उतरवा. थंड झाल्यावर गुंडाळी करून कापा. रुंदी नेमकी हवी असेल तर बोलोन्याने तीही नोंदवून ठेवली आहे : १९७२ साली, शिजलेली पट्टी ८ मिलिमीटर, आणि तिचा सोन्याचा नमुना चेंबर ऑफ कॉमर्समध्ये आहे. या पट्ट्या गरम रागूत एक मिनिट परतायच्या, जास्त नाही. दोन अंड्यांत कर्बोदकं एक ग्रॅमच्या आसपास. अंड्याची चव आणि रागूची चव एकमेकांना ओळखतात, म्हणून हे ताट उसनं वाटत नाही.

झुकिनीच्या पट्ट्या सगळे सुचवतात. चालतात, पण पाणी सुटतं आणि इतक्या कष्टाने आटवलेला रागू पातळ होतो. पुण्यात मी असते तर कोवळा दुधी घेतला असता. बियांचा भाग सोडून सालकाढणीने लांब पट्ट्या काढा, मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवा, फडक्यात दाबून कोरड्या करा, तापल्या तव्यावर दोन मिनिटं. उकळत्या पाण्यात घालू नका. कोबीच्या पट्ट्याही बऱ्या लागतात.

पट्ट्यांच्या भानगडीत पडायचं नसेल तर झुकिनी भरा. बोलोन्याच्या घरांमध्ये उन्हाळ्यात मांस भरलेल्या झुकिनी टोमॅटोच्या सॉसमध्ये शिजवतात. तुम्ही आतून कोरून घट्ट रागू भरा आणि झाकून शिजवा. हे पूर्ण जेवण आहे, कशाची नक्कल नाही.

वरून पार्मिज्यानो दहा ग्रॅम पुरे. ते किमान बारा महिने मुरलेलं असतं, दुधातली साखर त्यात उरत नाही. प्रोसेस्ड चीज मात्र नको, ते चव झाकून टाकतं.

एक गोष्ट फार महत्त्वाची. यजमानांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कर्बोदकं एकदम कमी केल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना नवीन जेवण सांगा आणि औषधाचं प्रमाण त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. आणि मुलगा घरी येईल त्या दिवशी, डॉक्टर हो म्हणाले तर, तीस ग्रॅम खऱ्या ताल्यातेल्ले त्यांच्याही ताटात वाढा. इटलीत पास्ता हा जेवणातला पहिला, छोटा वाढा असतो. त्याने पोट भरायचं नसतं, मागून भाजी आणि बाकीचं जेवण येतं.

प्रश्न : आम्ही गोव्यात, त्यामुळे बीफ आणि पोर्क दोन्ही मिळतं. पॅन्चेत्ता मात्र महाग. तिच्या जागी आपला चोरीस, म्हणजे पोर्कचं गोवेकरी सॉसेज, घातला तर? तो घरात असतोच.
— मडगावहून एक वाचक

उत्तर : कार्बच्या हिशेबाने चालेल, पण रागूच्या हिशेबाने नको. चोरीसमध्ये मिरची, लसूण आणि व्हिनेगर असतं, शिवाय धुराचा वास. पातेल्यात दुसरं काही उरणारच नाही. धुरावलेली पॅन्चेत्तासुद्धा बोलोन्याच्या नोंदीत नामंजूर आहे. तुमच्याकडे तर त्याहून चांगली वस्तू बाजारात आहे : पोर्कच्या पोटाकडचं ताजं मांस. ते शंभर ग्रॅम घ्या, कातडी काढा, सुरीने बारीक चिरा आणि तेल न घालता मंद आचेवर ठेवा. चरबी सुटली की जास्तीची वाटीत काढून घ्या आणि उरलेल्यात भाज्या परता. बीफ जाडं दळून घ्या. तुम्हाला मूळ कृतीच्या सगळ्यात जवळचा रागू मिळेल. चोरीस पावासाठी ठेवा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. डाळीचा रागू कमी कार्बचा होतो का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : डाळीचा होत नाही. कच्च्या मसुरात शंभर ग्रॅमला साठेक ग्रॅम कर्बोदकं असतात. मश्रूम घ्या, ४०० ग्रॅम, हाताने बारीक चिरून. मिक्सरमध्ये नको. मोठ्या आचेवर सगळं पाणी आटेपर्यंत परता, मग मूठभर अक्रोड ठेचून घाला. पुढचं वरच्यासारखंच, फक्त मांसाच्या पाण्याऐवजी भाज्यांचं पाणी, आणि दोन तासांऐवजी चाळीस मिनिटं पुरतात. एक अडचण सांगून ठेवते : खरं पार्मिज्यानो वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, लावतात, त्यामुळे तुम्हाला ते चालणार नाही. शाकाहारी रेनेटचं कुठलंही मुरलेलं, कडक चीज लेबल बघून घ्या.