कुळागरातल्या नोडला २ वॉटचा बूस्टर? आधी रेग्युलेटर बदल

कुळागरातल्या (पोफळी-माडांच्या बागेतल्या) नोडला, म्हणजे मातीचा ओलावा मोजून वायफायने घरी पाठवणाऱ्या यंत्राला, २ वॉटचा वायफाय बूस्टर लावू का असं विचारलंस. तुझी दुखणी दोन आहेत रे, आणि वेगवेगळी. केरीच्या कुळागरातली ईएसपी३२ ही वायफायची चिप असलेला बोर्ड सेल फुल चार्ज असेपर्यंत बरा चालतो आणि मग सारखा रीस्टार्ट होतो हे एक, आणि घरापर्यंत वायफाय पोचत नाही हे दुसरं. बूस्टर त्याच सेलमधून आणखी करंट ओढेल, म्हणजे पहिलं दुखणं उलट वाढेल.

तू पाठवलेल्या फोटोत बोर्डवर एएमएस१११७ दिसतोय, म्हणजे सेलचं व्होल्टेज ३.३ वर आणणारा रेग्युलेटर. त्यालाच एक व्होल्टच्या वर ड्रॉप लागतो (तेवढं व्होल्टेज तो स्वतःच खातो), म्हणजे सेल ४.२ ला असताना चिपला जेमतेम ३.१ मिळतात, सेल ३.७ वर आला की २.६, आणि चिपला किमान ३ हवेत, त्यात ट्रान्समिट करताना ती २४० मिलिअँपपर्यंत ओढते. मल्टीमीटरला हे पकडता येत नाही, तो सरासरी दाखवतो. कुणाचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळाला तर ३.३ च्या लाइनवर लावून बघ, प्रत्येक पॅकेटला खड्डा दिसेल. तिथे बक-बूस्ट मॉड्यूल घाल, म्हणजे सेल ३.३ च्या वर असो की खाली, ३.३ च देणारा रेग्युलेटर, आणि चिपच्या पॉवर पिनला चिकटून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आता बूस्टर. ३.३ व्होल्टवर ५० ओमच्या लोडमध्ये, म्हणजे अँटेनात, अगदी आदर्श गणित धरलं, व्होल्टेजचा वर्ग भागिले दुप्पट रेझिस्टन्स, तरी ११० मिलिवॉटच्या आसपासच येतात. १ वॉट हवा तर मॅचिंग नेटवर्कने (मधल्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडणीने) बूस्टरच्या ट्रान्झिस्टरला ५० ऐवजी साधारण साडेपाच ओम दाखवायचे, व्होल्टेज नाही ते करंटने भरून काढायचं, आणि इतक्या कमी ओमवर ट्रॅकचा नि कॉइलचा जरासा रेझिस्टन्सपण पॉवर खातो. त्यात वायफायचा ओएफडीएम सिग्नल (एकाच वेळी अनेक लहरींवर डेटा पाठवणारा) मध्येच उसळ्या मारतो, म्हणून सरासरी पॉवर पीकच्या सात-आठ डीबी (पाच-सहा पट) खाली ठेवावी लागते, नाहीतर शेंडे कापले जातात, ईव्हीएम (सिग्नलमधल्या चुकीचं माप) बिघडतो आणि स्पीड पडतो. म्हणजे १ वॉटच्या पॉवर अँप्लिफायरमधून (बूस्टर म्हणजे तोच) कामाचे दीडशे-दोनशे मिलिवॉट. स्टिकरवरचे २ वॉट कुठल्या व्होल्टेजला मोजले ते कोण लिहितो? आणि २.४ गिगाहर्ट्झला आपल्याकडे विनापरवाना मर्यादा ट्रान्समीटरला १ वॉट, अँटेनाच्या गेनसकट (एका दिशेला जोर एकवटल्याने होणाऱ्या वाढीसकट) ४ वॉट, तेव्हा २ वॉट खरे निघाले तर वेगळीच भानगड.

त्यापेक्षा घरच्या बाजूला बाहेरचा, कुळागराकडे रोखलेला डायरेक्शनल अँटेना लाव, तो पाठवताना आणि ऐकताना दोन्हीकडे कामाला येतो. चिऱ्याच्या भिंतीमागचा राऊटर खिडकीत आणलास तरी फरक पडेल. पावसात ओल्या झावळ्या २.४ चा सिग्नल पितात, म्हणून मे महिन्यात टेस्ट करून खूश होऊ नकोस.

आणि मातीचा ओलावाच पाठवायचा असेल तर वायफायचा हट्ट कशाला? ८६५-८६७ मेगाहर्ट्झचा लोरा मॉड्यूल घे (थोडा डेटा कमी पॉवरवर लांब पाठवणारा रेडिओ), एसएक्स१२७६ चिपवाला. २० डीबीएमला (१०० मिलिवॉटला) तो साधारण १२० मिलिअँप घेतो, तेही पाठवताना तेवढेच, बाकी वेळ झोपलेला. पण त्याच्यासोबतपण ईएसपी३२ तोच राहणार, म्हणून रेग्युलेटर बदलावाच लागेल.