कोरियन मालिकांमध्ये सारखं खाणंच का दाखवतात? जेवणाचा आणि प्रेमाचा काय संबंध?

संबंध काय म्हणून विचारताय? २०१५ सालच्या 'रिप्लाय १९८८'चा पहिला भाग बघा, मग बोलू.

दक-सन तीन भावंडांतली मधली. तिचा वाढदिवस दरवर्षी मोठ्या बहिणीच्याच केकवर उरकतात. एके दिवशी तिचा बांध फुटतो. तळलेलं अंडं ताईला आणि धाकट्याला, कोंबडीच्या तंगड्याही त्या दोघांनाच, मला मात्र पंख. मलाही तंगडी आवडते!

मीही मधली. आमचं घर मालवणकडचं. सुरमई आली की मधल्या तुकड्या बाबांना आणि दादाला, पोटाकडची धाकटीला, शेपटी मला. "हिला शेपटीच आवडते," असं आईनेच ठरवून टाकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडे होती, तेव्हा आम्ही दोघी ही मालिका बघायचो. खालच्या इंग्रजी ओळी मी तिला मराठीत सांगायचे. तो प्रसंग आला आणि माझा आवाजच फुटेना. "काय म्हणते ती पोर?" आईने विचारलं. मी सांगितलं, तुकड्यांचंही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या ताटात कधी तुकडी बघितलीस गो?"

नव्हती बघितली. सगळ्यांची पानं उठली की ती तव्याला चिकटलेला रवा उलथन्याने खरवडायची, तव्यातच भात घालून कालवायची आणि तिथेच, ओट्यापाशी उभ्याने खायची. मला वाटायचं, तिला तेच आवडतं.

कोरियनमध्ये घरच्या माणसांना 'शिक्कु' म्हणतात. शब्दशः अर्थ खाणारी तोंडं. आपणही विचारतोच की, घरात खाणारी तोंडं किती? वाढदिवसाला तिकडे समुद्री शेवाळाचं सूप करतात, मियॉक-गुक. बाळंतिणीला तेच देतात, म्हणून ते पिताना आपल्याला जन्म देणारीची आठवण काढायची. 'रिप्लाय'मध्ये संध्याकाळी गल्लीतली पोरं वाडगे घेऊन या घरातून त्या घरात पळत असतात. वाटी रिकामी परत पाठवू नये हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का? जिथे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं कुणी तोंडाने म्हणत नाही, तिथे कुणाच्या पानात काय पडलं यावरूनच माणूस आपली जागा ओळखतो.

दादा अजून म्हणतो, "एवढ्याशा तुकडीचं काय घेऊन बसलीस!" ज्याला मधली तुकडी मिळाली, त्यानेच हे म्हणावं. दक-सनच्या वडिलांनी निदान रात्री केक आणून तिची माफी मागितली, बाप म्हणून मीही पहिल्यांदाच शिकतोय म्हणाले. आमच्याकडे कुणी मागितली नाही. आईनेही नाही, आणि तिचीही कुणी नाही.

बाकी, हिरो-हिरॉइन सारखे सँडविचच्या दुकानात बसलेले दिसतात, ती सरळ जाहिरात असते. २०१० पासून कोरियात पैसे घेऊन मालिकेत वस्तू दाखवायला कायद्याने परवानगी आहे. तेवढं सोडून द्या.

तुमच्या घरी वाढणारी बाई शेवटी जेवत असेल, तर आज तिचं पान आधी वाढा. या मे महिन्यात आम्ही सगळे घरी जमतोय. मासे मी तळणार, वाढणारही मीच. शेपटी दादाला.